वहिनींची किडनी आणि पैरा फुटू

स्टील प्लांटमधून रिटायर झालेली आमची चौकडी रोज सकाळी स्मृति नगरात चहाला जमते. त्यातल्या वसंताभाऊंना त्यांच्या बायकोची, म्हणजे शोभावहिनींची, किडनी बसवली आणि तेव्हापासून चहा थंड होतो, पण किस्से काही संपत नाहीत!

*

ऑपरेशननंतर डॉक्टरांनी बजावलं होतं की किडनी टिकवणाऱ्या गोळ्यांनी प्रतिकारशक्ती कमी होते, तेव्हा बुरशीपासून जपा. माती, ओल, सडका पाला, कशालाच हात लावायचा नाही. भाऊ नुसते कुंडीजवळ दिसले तरी वहिनी आतून म्हणायच्या, "माही किडनी हाये ते. सांभाळून वागा."

आम्ही भाऊंची तब्येत विचारली, तर वहिनींकडून "किडनी मजेत हाये" असं उत्तर मिळायचं.

*

पावसाळ्यात कुरुदच्या मेहुण्यानं पैरा फुटू आणले. म्हणजे भाताच्या पेंढ्यावर वाढवलेली अळिंबी, भाऊंचा जीव की प्राण! वहिनींनी दारातूनच परत पाठवले. फुटू म्हणजे शेवटी बुरशीच ना!

ऑपरेशनला न डगमगलेले भाऊ त्या दिवशी जेवले नाहीत.

*

पुढे उन्हाळा आला. मातीला न शिवणाऱ्या या गृहस्थानं काय करावं? कूलरच्या जाळ्यांमधलं, पाण्यानं भिजून कुजलेलं मागच्या वर्षीचं गवत स्वतःच्या हातानं झटकून काढलं! वहिनी चिडल्या, तर म्हणतात, "कूलरच्या गवतात कायची आली बुरशी?"

थोड्याच दिवसांत ताप, खोकला. तपासलं तर फुप्फुसात बुरशी. आम्ही पार हादरलो.

*

डॉक्टर म्हणाले, औषध कडक आहे, माणूस वाचेल, पण किडनी जाऊ शकते. भाऊंनी पडल्यापडल्या हात हलवला. "मले नका इचारू. किडनी तिची हाये, तिले इचारा."

वहिनींनी क्षणभरही विचार केला नाही. "गेली तं जाऊ द्या. माणूस वाचवा."

माणूस वाचला, आणि किडनीही वाचली! रिपोर्ट आला तेव्हा आम्ही म्हातारे दवाखान्याच्या गेटवर असे नाचलो की गार्डनं हाकलून दिलं.

*

परवा वहिनींनी डॉक्टरांना विचारून, धुऊन, भरपूर शिजवून पैरा फुटूचा रस्सा केला आणि आम्हा सगळ्यांना जेवायला बोलावलं. भाऊंनी ताटातली एक फोड उचलली, डोळ्यांसमोर धरली आणि तिला म्हणाले, "लय दिवस तू मले खाऊन राहिली होती. आज माहा नंबर."

वहिनी पळी घेऊन मागेच उभ्या होत्या.

"कोनाले म्हणून राहिले?"