तीन वेळा धुतलेलं पिपेट

धाकट्या बहिणीच्या दप्तरात पिपेटमध्ये द्रावण ओढायचा रबरी फुगा सापडला आणि तो पाहताच मी तंजावूरच्या शाळेतल्या प्रयोगशाळेत जाऊन उभी राहिले.

तेव्हा असा फुगा नव्हता; पिपेटच्या काचेच्या नळीत सोड्याचं द्रावण आम्ही तोंडानंच ओढायचो. माझी जोडीदार सेल्वी, झाडूवालीची मुलगी. तिची दोन रीडिंग्ज तंतोतंत जुळली. मग पिपेट माझ्याकडे आलं. तिचं उष्टं म्हणून मी ते नळाखाली तीन वेळा धुतलं.

"झालं का गं सोवळं?" सेल्वी हसली. "आता द्रावणानंही विसळ, नाहीतर आतल्या पाण्यानं रीडिंग चुकेल."

तिचं काय ऐकायचं, म्हणून मी विसळलं नाही. रीडिंग चुकलं.

"कुणी बिघडवलं?" सरांनी विचारलं. मी सेल्वीकडे बोट दाखवलं.

"झाडू धरणाऱ्या हातात काच कशाला?" असं म्हणत त्यांनी तिच्या प्रॅक्टिकलला शून्य दिलं. वर्ग हसला. मीही हसले.

संध्याकाळी बसस्टँडवर मी माझ्या वडिलांनी, अप्पांनी, छापलेली समतेची पत्रकं वाटत होते. सेल्वी दिसली, तिलाही एक दिलं. माझ्या बोटांना स्पर्श होऊ नये म्हणून तिनं ते अगदी टोकाला धरून घेतलं.

तेव्हा मला ती तिची नम्रता वाटली होती.