उभ्यानं

"इनको यहाँ से हटाइए, मॅडम. पेरेंट्स आ रहे हैं."

उपप्राचार्य कमलमावशीकडं न बघताच बोलले. मावशी हातभर अंतरावर उभी होती. इस्त्रीची साडी, केसांना तेल, पायात नवी चप्पल. नवव्या वर्गातल्या पोरांनीच तिला प्रदर्शनाला बोलावलं होतं. त्यांनी बनवलेली वस्तू तिच्यासाठी होती, आणि ती कशी वापरायची हे तीच दाखवणार होती.

मी "सर..." म्हणाले.

मावशीच्या दंडाला हात लावला. हळूच, मराठीत सांगितलं, "मावशी, तू जरा मागं किचनकडं जाऊन बस. मी बोलावते."

तिथं मराठी आम्हा दोघींनाच येत होती. सरांचा हुकूम मी घरच्या भाषेत सांगितला, तेवढ्यानं तो मऊ झाला असं मला वाटलं. मावशीनं माझ्याकडं पाहिलं आणि मागच्या दारानं गेली.

मी तिला बोलावलं नाही.

जबलपूरच्या बाहेर मुलांची ही निवासी शाळा आहे. मी इथं पार्ट-टाइम शिकवते. डिझाइन, टेक्नॉलॉजी आणि इंजिनिअरिंग. माझे बाबा डिफेन्स फॅक्टरीत फिटर होते. डिग्री मी नंतर घेतली, कानस धरायला बाबांनी आधीच शिकवलं होतं. जबलपुरातल्याच गढ्यात आमचं घर. आजोबा विदर्भातून आले ते इथलेच झाले. स्टाफरूममध्ये मी यातलं काही सांगत नसे. "पापा डिफेन्स में थे," एवढंच. आडनाव तर शक्यतो सांगतच नसे. कुणी आरक्षणाच्या कोट्यावर विनोद केला की चहाचा कप तोंडाला लावून मीही हसायची. हो, हसायची.

कमलमावशी मेसमध्ये भांडी घासते. आमच्याच विहारात येते, आईची मैत्रीण. शाळेतल्या माझ्या पहिल्या दिवशी ती व्हरांड्यात भेटली. तिला कोण आनंद झाला.

"जय भीम, बेटा. तू इथं मास्तरीण झाली? लय चांगलं झालं."

माझ्यासोबत दोन शिक्षक होते. मी म्हणाले, "नमस्ते. आप ठीक हैं?"

ती समजली. त्यानंतर चारचौघांत तिनं मला कधी जय भीम घातला नाही. ओळखही दाखवली नाही. मी तिला टाळत होते, आणि ती मला सांभाळून घेत होती.

पोरांना मी वर्गात सांगायची, वस्तू जो वापरणार त्याच्याशी आधी बोला. म्हणून तीन पोरं मेसच्या मागं गेली. इतकी वर्षं तिथं जेवत होती, मागं कधी गेली नव्हती. मावशी मोरीपाशी उकिडवी बसून डाळभाताचे गंज, म्हणजे मोठाली पातेली, घासत होती. उठताना भिंत धरत होती. पोरांनी तिच्या कमरेइतका उंच लोखंडी स्टँड केला. त्यावर गंज आडवा ठेवायचा आणि फिरवत घासायचा. वेल्डिंग जरा ओबडधोबड झालं होतं, पण स्टँड हलत नव्हता. मावशीनं त्यावर पहिला गंज घासला आणि म्हणाली, "उभ्यानं बी भांडे घासता येतात. मले माहीतच नव्हतं."

पोरं खूश. मीही खूश. मार्कं देऊन मोकळी झाले.

तर प्रदर्शनात, मावशी गेल्यावर, शाळेच्या मंडळातले एक गृहस्थ टेबलापाशी आले. हे कुणासाठी, त्यांनी विचारलं.

"कमल आंटी के लिए, सर," एक पोरगा म्हणाला. "वो अभी यहीं थीं." आणि त्यानं माझ्याकडं पाहिलं.

उपप्राचार्यांनी घाईनं सांगितलं, "ग्रामीण महिलाओं के लिए है, सर."

गृहस्थांनी मान हलवली. मग माझं नाव विचारलं. पूरा नाम. मी आडनावासकट सांगितलं. ते हसले.

"अच्छा, अच्छा. आप लोगों के तो हाथ में ही हुनर होता है. पढ़ाई-लिखाई अलग चीज़ है."

"थँक यू, सर," मी म्हणाले.

पोरगा अजून माझ्याकडंच बघत होता. मला तिथं उभं राहवेना.

मी किचनच्या मागं गेले. स्टँड हॉलमध्ये होता, म्हणून मावशी पुन्हा मोरीपाशी उकिडवी बसली होती. इस्त्रीची साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली. मला पाहून ती जरा सरकली. मला बसायला जागा करून दिली.

"तुले बी हाकललं काय?"

हो म्हणणं सोपं होतं. दोघी एका बाजूच्या झालो असतो.

"नाही, मावशी. मला नाही हाकललं. सर बोलले आणि मी तुला हाकललं."

ती घासत राहिली. मग म्हणाली, "मले समजलं होतं. तू मराठीत बोलली ना, म्हणून मी काही म्हटलं नाही. हिंदीत सांगतलं असतं त विचारलं असतं, काहून जाऊ म्हणून."

माफी माझ्या ओठांवर आली होती. ती मी गिळली. माफी मागून मला हलकं वाटलं असतं. तिचे गंज तसेच पडले असते.

"चल, मावशी. हॉलमध्ये जाऊ."

"आता नाही येत मी."

मी एकटी गेले. बक्षिसांची तयारी चालू होती. उपप्राचार्यांसमोर उभी राहिले.

"सर, स्टँड किचन में ले जा रही हूँ. जिनके लिए बना है, वो वहाँ काम कर रही हैं."

"प्रोग्राम के बाद."

"अभी, सर."

"मॅडम, आप पार्ट-टाइम हैं. ये मत भूलिए."

"नहीं भूली. कमल जी को आपने हटाने को कहा और मैंने हटाया. मैंने गलत किया. दोबारा नहीं करूँगी."

आवाज माझाच होता, पण तो इतका चढलेला माझ्यासकट कुणीच ऐकला नव्हता. पालक वळून बघायला लागले. मंडळाचे गृहस्थ दुसरीकडं बघायला लागले. मी कुणाला काही सांगितलं नाही, तरी तीन पोरांनी स्टँड उचलला. फरशीवर लोखंड घासल्याचा आवाज हॉलभर झाला.

मावशी आता उभ्यानं काम करते. माझ्याशी कामापुरतं बोलते. तिनं मला माफ केलं का, मी विचारलेलं नाही आणि विचारणार नाही. माझं ओझं तिनं काहून उचलावं?

पुढच्या सत्रात मला ठेवणार का, असं विचारलं तर उपप्राचार्य "देखते हैं" म्हणतात. आई घरी रोज बोलून राहिली, तुले गप्प बसता येत नव्हतं काय. गप्पच बसत आले होते, आई. त्याचंच तर हे सगळं आहे.

नोकरी गेली तर दुसरी बघीन. पण ज्यांना कुणाला हटवायचं असेल त्यांनी स्वतःच्या तोंडानं हटवावं, त्या माणसाच्या डोळ्यांत बघून. माझ्या तोंडून ते आता होणार नाही. मराठीत तर नाहीच.