विहिणीला न सांगितलेला निरोप

शेणव्याच्या बाजूला आमचं गाव. तिथं अजून म्हणतात की माझ्या सुनेचं पहिलं बाळ जीपवाल्यांच्या गोड पाण्यानं गेलं. ते खरं नाही, आणि मला ते तेव्हापासून ठाऊक आहे.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. गरोदर बायांच्या रक्तातल्या साखरेचा अभ्यास करणाऱ्या डॉक्टरांची जीप शाळेपाशी यायची. बायांनी उपाशीपोटी जायचं, रक्त द्यायचं, ग्लुकोजचं पाणी पिऊन बसायचं आणि पुन्हा रक्त द्यायचं. मुलगा वाशिंदच्या कारखान्यात पाळीवर असे, म्हणून सुनेसोबत मी जायचो. ओट्यावर बायांची थट्टा चाले.

"पी गो, फुकटची साखर हाय. घरी तुझी सासू चहात पण टाकत नाय."

"सासू टाकंल, पन डबा सासऱ्याच्या उशाला!"

सासरा तिथंच बसलेला, तरीही.

सुनेची साखर जास्त निघाली. डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघांना बसवून सांगितलं, भात कमी, गोड बंद, रोज चालायचं. सून उठून गेल्यावर मला म्हणाल्या, "बाळ मोठं होईल, अडेल. बाळंतपण घरी नको, दवाखान्यातच करा. माहेरच्यांना तुम्ही स्वतः सांगा." पहिलं बाळंतपण माहेरी होणार, हे त्यांनाही माहीत होतं.

घरी सून भाताची एक मूद खाऊन उठायची. माझी बायको म्हणायची, "पोटात पोर हाय, जेव की गो."

"त्याच्यासाठीच करते, आत्याबाई." भूक लागली की ती पाणी प्यायची.

सातव्या महिन्यात तिला टोकावड्याला पोचवायला निघालो. एसटीत तिला म्हणालो, "तू काय बोलू नको. विहीणबाईंना मी सांगतो."

आणि सांगितलं नाही. घर ओटी भरायला आलेल्या बायांनी भरलं होतं. त्याच भावकीत माझ्या धाकट्या मुलीचं जमत होतं. यांच्या घरात साखरेचा आजार आहे असं कुणी म्हटलं तर? विहीणही म्हणाली असती, आमची धडधाकट पोर नेलीत. मी चहा घेतला आणि परतीची गाडी धरली. पुढच्या खेपेला सांगू, असं ठरवलं. ती खेप झालीच नाही.

विहिणीनं लेकीला पोटभर भात वाढला, लाडू केले. सुनेला वाटलं, आईला सगळं ठाऊक आहे. तरी वाढते, म्हणजे आता चालत असेल. कळा आल्या तेव्हा सुईणीला बोलावलं. डोकं बाहेर आलं आणि खांदे अडकले. गाडी मिळवून मुरबाडला पोचेपर्यंत बाळ गेलं होतं.

पुढे सून आमच्याकडे परत आली, तेव्हा डॉक्टरीणबाई घरी आल्या. अंगणात चार माणसं होती. त्यांनी विचारलं, "बाळंतपण दवाखान्यातच करा, हे मी सांगितलेलं माहेरी कळवलं होतंत ना?"

"हो," मी म्हणालो. "विहीणबाईंना सांगितलं होतं."

सून दाराआड उभी होती. दवाखान्याचं तिनं तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

त्यानंतर ती माहेरी राहायला म्हणून गेली नाही. विहिणीनं दिव्यावर हात ठेवून शपथ घेतली, "मला कोणी काय सांगितलं नाय." कुणी विश्वास ठेवला नाही. आमच्या गावच्या बायांनी दोष गोड पाण्याला दिला आणि जीपकडे जाणं सोडलं. मी त्यांनाही अडवलं नाही. माझ्या मुलीचं त्या भावकीत अर्थातच जमलं नाही.

दुसरं बाळंतपण दवाखान्यात झालं, मुलगी सुखरूप. विहीण झबली-टोपडी घेऊन आली. ती माझ्या बायकोनं घेतली. सून भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. विहीण थोडा वेळ पायथ्याशी उभी राहिली, मग शेवटची गाडी चुकेल म्हणत निघाली.

गेल्या वर्षी ती वारली. तेरावं झाल्यावर मी सुनेला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. हात थांबले.

"आई शपथ घेत होती, मामा. मी तिला खोटारडी म्हटलं."

तिनं सूप बाजूला ठेवलं.

"ती जिवंत असताना का नाय बोललात?"

विहिणीपुढे उभं राहावं लागलं असतं म्हणून, हे खरं उत्तर होतं. तेही मी दिलं नाही. सुनेनं थोडी वाट पाहिली आणि सूप उचलून ती आत गेली.