नलूची रेघ

यवतमाळात उकंडा मिस्त्रीनं इतकी बाथरूमं केली, त्यातलं एकच फसलं होतं, आणि म्हातारपणी नेमकं तिथूनच पुन्हा बोलावणं आलं. आता काय म्हणावं नशिबाला! घरमालक नरहर साहेबांचे गुडघे गेलेले, त्यांना उंच कमोड हवा होता. त्यांच्या पत्नी सुहासिनीबाईंना हवी होती वीस वर्षं तुंबणाऱ्या पाण्यापासून सुटका.

चूक नलूची, त्याच्या बायकोची. निदान उकंडा तसंच सांगत आला होता. तेव्हा दोघं मिळून काम करायचे. पारदर्शक नळीत पाणी भरायचं, एक टोक यानं आत धरायचं, दुसरं तिनं बाहेर चेंबरपाशी. पाणी थांबेल तिथं दोघांनी भिंतीवर खूण करायची, आणि त्या खुणांवरून मोजून पाइपाला उतार द्यायचा. उकंडा लाल पेन्सिलीनं खूण करी. नलू खिळ्यानं विटेवर रेघ ओढायची आणि खाली एक टिंब द्यायची.

त्या दिवशी बाहेर येऊन पाहिलं, तर तिची रेघ याला खाली वाटली. "हवा राह्यली नळीत! ध्यान कुठं हाय तुह्यं?" असा खेकसला, आणि नुसत्या अंदाजानं दोन बोटं वर आपली लाल खूण केली. पाइप त्याच खुणेनं बसला.

महिन्याभरात पाणी तुंबलं. साहेबांनी दोघांना बोलावलं, तर हा शहाणा म्हणतो, "हिनं नळी नीट धरली नाही, साहेब." नलूनं पदर सावरला. "हो साहेब, मीच चुकली." झालं! त्या दिवसापासून त्यानं तिला कामावर नेणं बंद केलं. मग ती जिनिंगमध्ये गेली. चौदा वर्षं कापसाच्या धुळीत काढली, खोकल्यानं पार खंगली, आणि परवाच्या उन्हाळ्यात गेली.

आता जुना पाइप काढायला त्यानं चेंबरजवळचं प्लास्टर सोललं आणि हातोडी तशीच थांबली. विटेवर रेघ होती, खाली टिंब. दोन बोटं वर त्याची लाल खूण. आत टाइल निघाल्या तिथं त्याची दुसरी खूणही शाबूत होती.

त्यानं पिशवीतून नळी काढली. "बाई, जरा हे टोक धरता काय? आतल्या लाल खुणेवर पाणी आणा."

"आलं रे!" बाई आतून ओरडल्या.

बाहेर पाणी नलूच्या रेघेवर येऊन थांबलं. उकंडानं नळी झटकली, हवा काढली, पुन्हा भरली. तीनदा केलं. तिन्ही वेळा पाणी रेघेवरच. पाइपाचा उतार त्याच्या दोन बोटांनीच खाल्ला होता. तो विटांच्या ढिगावर बसला आणि लेकरासारखा रडला.

"बाई, तिचं बराबर होतं. मीच चुकलो."

बाई बाहेर आल्या. मग म्हणाल्या, "तिला माहीत होतं, उकंडा. त्या दिवशी ती घरी जाताना मी दारात विचारलं, खरंच गं तुझं चुकलं? तर म्हणाली, 'बाई, मिस्तरीचं नाव गेलं त त्यायले काम कोन देईन? मी काय, नुसती नळी धरनारी.'"

"मंग मले काहून नाही सांगितलं तुमी?"

"तिनं शपथ घातली होती रे. आणि तू तरी ऐकलं असतंस?"

उकंडानं डोळे पुसले. "साहेबायले बोलवा, बाई. त्यायच्यासमोर तिले बोललो होतो, त्यायच्यासमोरच सांगाचं हाय."

साहेब काठी टेकत आले. ऐंशी ओलांडलेले, कानानं मंद. उकंडा हात जोडून उभा राहिला. "साहेब, ते पाणी तुंबलं ते माह्या चुकीनं. नलूची रेघ बराबर होती."

साहेबांनी भिंतीकडं पाहिलं, मग त्याच्याकडं.

"कोण नलू?"

साहेबांच्या कानाशी वाकून, मोठ्यानं, उकंडानं पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. "माही बायको होती, साहेब. माह्यासंगं कामाले यायची."