तपासणीचा माठ

"फोड तो माठ!" नाना ओरडला.

तपासणी उरकून निघालेल्या साहेबाची जीप चोपड्याच्या रस्त्यावर अजून धुरळा उडवत होती. शिपाई घुटमळला. नानानं मग स्वतःच लाथ घातली. माठ फुटला, पाणी माझ्या पातळावर उडालं. त्या माठातलं पाणी मी प्यायले होते ना! आणि प्यायले होते ते नानाच्याच हुकमानं.

नाना आमच्या गावच्या शाळेचा सेक्रेटरी. मी तिथली मास्तरीण, महारवाड्यातली. सरकारी मान्यता चालू राहायला दरवर्षी तपासणी व्हायची. इथं शिवाशिव नाही, हे साहेबाला दाखवायचं. म्हणून त्या दिवशी मला खुर्ची. त्या दिवशी मी 'बाई'. साहेबादेखत सगळ्यांच्या माठातलं पाणी प्यायचं. एरवी मास्तरांच्या खोलीबाहेर गोणपाटावर बसायचं, नि पाणी घरून न्यायचं.

"तूच बाटवलास, तूच उचल," नाना म्हणाला. मी खापऱ्या वेचल्या. एक तळहातात घुसली. रक्त बघितलं नि वाटलं, हीच ह्याच्या नरड्यात खुपसावी. लाज त्या दिवशी मेली माझी. राग तेवढा उरला.

पुढल्या वर्षी नवा माठ, तोच साहेब. नाना गुळासारखा गोड. "बाई, पाणी घ्या ना."

मी माठ दोन्ही हातांनी उचलला नि नानाच्या पायाशी आपटला.

"साहेब, तुम्ही गेल्यावर हा फुटणारच होता. म्हटलं, तुमच्यासमोरच फोडावा."

नानानं फाडकन मुस्काटात मारली. "शाळा तुन्हा बापनी शे का?"

मीही ठेवून दिली. सगळा जोर लावून. त्याची टोपी त्या पाण्यात पडली. साहेब खिडकीबाहेर बघत राहिला, मेल्याहून मेला!

मला काढलं. मान्यता मिळाली. साहेब नानाकडे पुरणपोळी जेवून गेला.

मायनं सुजलेला गाल बघितला. रडली नाही. "पुढला टाइमले एकली जाऊ नको. आम्ही बठ्ठा येसूत."

तिथंच महारवाड्यातल्या सगळ्यांचं ठरलं. पुढल्या तपासणीला जीप वेशीवर अडवायची. आमच्या विहिरीचं पाणी साहेबापुढं धरायचं. प्यायला तर शाळेपर्यंत जाईल. नाही प्यायला, तर जीप वेशीतच पेटेल. काडी मी लावीन.