प्लॅनमधली कडी

“ही कडी आहे?” पाहुण्या सरांनी माझ्या शीटवर पेनाचं टोपण टेकवलं. “प्लॅनमध्ये कडी कोण काढतं?”

सगळे हसले. पाहुणे सर हसले, आमच्या मॅडम हसल्या, मागे आपला नंबर यायची वाट बघणारी पोरं हसली. मी काढलेली कडी होतीच तशी. एकास शंभरच्या प्लॅनमध्ये आख्खं दार बोटाच्या नखाएवढं. कडी दिसायलासुद्धा नको. मी ती दाराएवढी काढली होती, लाल शाईने. प्रत्येक खोलीच्या दाराला, आतल्या बाजूने.

“तू जव्हारकडची ना?”

“हो सर. साखरशेत.”

“म्हणजे वारली.”

“नाही सर. आम्ही कोकणा. वारली वेगळे.”

“तेच ते,” म्हणाले. आणि माझंच पेन उचलून माझ्याच शीटवर, मी कोरी ठेवलेल्या भिंतीवर, तारपा नाचणारी माणसं काढायला लागले. त्रिकोणावर त्रिकोण. हात. पाय. एकमेकांना धरलेली रांग. आठवडाभर पाठ मोडून काढलेली शीट. मी बघत राहिले.

“आता बघ, जिवंत वाटते की नाही बिल्डिंग? आणि हा स्लॅब खोड. तुमच्याकडे पाऊस किती सुंदर. पत्रा टाक. मुलींना पडल्या पडल्या पावसाचा आवाज यायला हवा. तो तुमचा कॉन्टेक्स्ट आहे, इमारतीने त्याला उत्तर द्यायचं असतं. तू तर तिथलीच. तुला हे आम्ही सांगायचं?”

पत्रा. पावसाचा आवाज.

विषय मॅडमनीच दिला होता. आपल्या ओळखीच्या गावात, तिथल्या परिसराला साजेल अशी एक इमारत. कुणी रिसॉर्ट घेतलं, कुणी म्युझियम. मी आश्रमशाळेच्या मुलींचं वसतिगृह घेतलं. जागा मोखाड्याकडची, उताराची. ऊन कुठून, वारा कुठून, पाणी कुठे वाहून जाणार, सगळं केलं होतं. ते कुणी विचारलंच नाही. आणि ज्युरी, म्हणजे बाहेरच्या आर्किटेक्टसमोर शीट मांडून मार्क घेणं, सुरू झाल्यावर शिपायाने दार लोटून घेतलं होतं. मला बंद दार चालत नाही. वर्गात मी कायम दाराशी बसते, म्हणून पोरं मला कंडक्टर म्हणतात. म्हणोत. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

मी सातवीत होते. मोखाड्याकडेच, एका आश्रमशाळेत. मुलींची खोली लांबलचक, वर पत्रा, खिडकीला गज. दाराला कडी बाहेरून. आतून नव्हतीच. अधीक्षिका बाई बाहेर निघाल्या की कडी लावून कुलूप घालायच्या. “पोरी पळतात,” म्हणायच्या. कुठे पळणार होतो? घरी. दुसरं कुठे.

आमचं घर कुडाचं आहे, शेणाने सारवलेलं. मला त्याची लाज नाही. शहरातल्या कुणी ‘किती सुंदर’ म्हणत त्यावर जीव टाकलेलाही मला आवडत नाही. लावणीला सगळे वावरात गेलो की दार ओढून दोरी बांधतो, कुत्रं शिरू नये म्हणून. घर रिकामं असलं तरच. आत माणूस ठेवून दार बांधायची रीत आमच्यात नाही.

तो रविवार होता. दुपारची वेळ, पण धुक्याने दिवेलागण झाल्यासारखं दिसत होतं. बाई जव्हारच्या बाजाराला गेल्या होत्या. दाराला कुलूप. पाऊस असा, की ट्रकमधून पत्र्यावर खडी ओततंय कुणी, आणि ट्रक काही रिकामा होत नाही.

माझ्या शेजारी जयवंती झोपायची. वावर गावाकडची. बारीक, काळीसावळी, हसली की डोळे मिटणारी. तिला ताप होता. बाईंनी गोळी दिली होती. सकाळी तिने पाणी मागितलं, मी दिलं. दुपारी तिचे डोळे वर गेले. अंग ताठ झालं. मग हातपाय झाडायला लागली.

आम्ही दारावर धडका मारल्या. ताटं आपटली. घसा फाटेस्तोवर ओरडलो. अंगणापलीकडे स्वयंपाकघर. तिथे भाकऱ्या करणाऱ्या मावशी उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत होत्या. गजांतून आम्हाला दिसत होत्या. त्यांची मान खाली. माझ्या ओरडण्याचा आवाज मलाच येत नव्हता, तर त्यांना काय जाणार. वरचा पत्रा सगळं गिळत होता. जयवंतीचं डोकं कुणीतरी मांडीवर धरलं होतं, आणि मी मावशींकडे बघत होते. वर बघा. एकदा वर बघा.

पाऊस ओसरला तेव्हा त्यांनी वर बघितलं. धावत आल्या. दगडाने कुलूप फोडलं. जयवंतीला जीपमधून जव्हारला नेलं. ती परत आली नाही.

तिचा बाप पेटी न्यायला आला होता. पेटी डोक्यावर घेता घेता थांबला. “तिनं काही मागला होता का गं?”

“पाणी.”

“दिलास ना?”

“दिलं.”

मान हलवून गेला. बाईंना कुणी काही विचारलं नाही. आम्हालाही नाही. ताप आला, पोर गेली. कडीचं नाव कुणी काढलं नाही. पुढच्या रविवारी बाई पुन्हा बाजाराला गेल्या, कडी पुन्हा लागली. त्या दुपारी पाऊसही नव्हता, तरी मी दाराला पाठ लावून बसले आणि त्या येईपर्यंत उठले नाही.

आणि आता हे पाहुणे सर मला पावसाचा आवाज शिकवत होते.

“सर, बाहेर जाऊन येते,” म्हटलं. कसंबसं. बाहेर आले, दार मागे ओढलं. भिंतीला टेकले. आतून मॅडमचा आवाज आला.

“घाबरट आहे हो. काय करणार, कोट्यातून येतात बिचाऱ्या.”

पुन्हा हसणं.

माझ्या डोळ्यांसमोर दाराची कडी होती. बाहेरून. लोखंडी, गार. हात आपोआप गेला. लावावी. ओरडू दे. कळू दे एकदा. कडी अर्धी सरकलीसुद्धा. आणि मला माझ्याच हाताची भीती वाटली. बाईंचा हातही असाच जायचा. सहज. बाजाराची पिशवी सांभाळत.

मी कडी मागे सरकवली. दार सताड उघडलं. कोपऱ्यातलं स्टूल ओढून दाराला लावलं, पुन्हा लोटलं जाऊ नये म्हणून. सगळे बघत होते. माझा आवाज थरथरत होता, तो मी थांबवू शकले नाही. तसाच बोलले.

“सर, पत्र्यावर पाऊस पडला की आतलं ओरडणं बाहेर जात नाही. म्हणून स्लॅब. कडी बाहेरून असली की आतल्या माणसाला बाहेर पडता येत नाही. म्हणून कडी आतून. आमच्या खोलीतली एक मुलगी अशी मेली. मी तिथे होते. माझा कॉन्टेक्स्ट हा आहे.”

कुणी हसलं नाही. पाहुण्या सरांनी पेनाला टोपण लावलं.

“हे बघ, वाईट झालं. पण इमोशनल होऊन डिझाइन होत नाही. कडी खोड, छप्पर बदल, भिंतीवर थोडी वारली चित्रं घे. सोमवारी परत दाखव.”

“नाही.”

एवढंच. इतकं हळू, की त्यांनी “काय?” म्हणून विचारलं. मग पुन्हा म्हणावं लागलं. “नाही सर. कडी राहणार. स्लॅब राहणार. आणि ती चित्रं तुम्ही काढलीत, माझी नाहीत.”

बाहेर मॅडमनी गाठलं. “वेडी आहेस का? दोन रेषा तर खोडायच्यात. वर्ष जाईल, स्कॉलरशिप जाईल. तुझ्यासारखीने तरी हट्ट करू नये.”

तुझ्यासारखीने. म्हणजे जिला आत घेतलं हेच पुष्कळ, तिने. जयवंतीचा बाप मान हलवून गेला होता, तशी मीही मान हलवावी, असं त्यांना वाटत होतं. मी हलवली नाही.

मॅडम म्हणतात ते खोटं नाही. नापास झाले तर स्कॉलरशिप बंद, स्कॉलरशिप बंद तर मी परत साखरशेतला. आमच्या पाड्यातून इथवर आलेली मी एकटीच. हे आठवलं की जेवण जात नाही.

तरी नवी शीट काढली. जुनीवर त्यांची माणसं नाचतायत. प्लॅन तोच, छप्पर तेच, भिंत कोरी. कडी मात्र या वेळी दारापेक्षा मोठी काढली आहे, मागच्या बाकावरूनही दिसेल अशी.

सोमवारी मी तिथे उभी राहणार. आधी दाराला स्टूल लावणार, मग शीट टांगणार. घाबरलेलीच असेन. नापास करायचं तर करा. मी कडी खोडणार नाही.