सिस्टर बसून विचारायच्या

सिस्टर पेशंटला उभ्याने कधी 'कसं वाटतंय' असं विचारायच्या नाहीत. आधी स्टूल ओढायच्या, बसायच्या आणि मग म्हणायच्या, "बोला. मला घाई नाय." घाई असायचीच. वीस खाटांचा वॉर्ड आणि आम्ही दोघी. पण तुम्ही कधी इस्पितळात राहिला असाल, तर खाटेच्या पायाशी उभं राहून कुणी विचारलं की आपण काय म्हणतो ते तुम्हाला ठाऊक आहे. 'बरंय' म्हणून मोकळे होतो.

रोह्याच्या त्या इस्पितळात मी नवी नर्स होते. सिस्टर रोज पेणहून यायच्या. माहेर धरमतरच्या खाडीकडचं. आवाज मोठा, चाल भरभर. वॉर्डातल्या मावशींशी सकाळी भांडायच्या आणि दुपारी त्यांच्याच डब्यातलं सुकट खायच्या.

संतोष धाटावच्या एका कंपनीत कामाला होता. उजवा हात केमिकलने भाजून आला होता. तीन आठवडे तो भिंतीकडे तोंड करून पडलेला. मग एका सकाळी त्याने दाढी करून घेतली, मावशींची चेष्टा केली. भेटीच्या वेळेला बायकोशी बराच वेळ बोलला. मी खूश झाले.

"सुधारला की हो हा," मी सिस्टरांना म्हटलं.

"बायकोला काय सांगत होता, ऐकलंस?"

मी ऐकलं नव्हतं, त्यांनी ऐकलं होतं. घरातले कागद कुठल्या पेटीत आहेत ते त्याने सांगितलं होतं. मुलीला मामाकडे शिकायला ठेव, म्हणाला होता. शेजारच्या खाटेवरच्या चाचांना स्वतःचं घड्याळ देऊन टाकलं होतं.

"हा बरा नाय झाला गो," सिस्टर म्हणाल्या. "हा निरोप घेतोय."

त्या जाऊन त्याच्याजवळ बसल्या. मी ड्रेसिंगचा ट्रे धरून मागे उभी होते.

"संतोष, जीव द्यायचं मनात येतंय का रे?"

मला ते चुकीचं वाटलं. असं कुणी विचारतं? मनात नसेल तर आपणच घालायचं?

तो हसला. "काय सिस्टर, कायतरीच."

सिस्टर हसल्या नाहीत, उठल्याही नाहीत. मग त्याने मान खाली घातली. "व्हय," म्हणाला. "या हाताने आता काय व्हनार? घरच्यांना नुसतं ओझं." थोड्या वेळाने म्हणाला, "घरी सांगू नका."

"हे मी लपवणार नाय. पण काय सांगायचं ते तुझ्यासमोर सांगेन. पाठीमागे नाय."

मला त्यांनी डॉक्टरांना बोलवायला पाठवलं. स्वतः जागच्या हलल्या नाहीत. तासाभरात त्याची खाट आमच्या टेबलासमोर आली, बायकोला पुन्हा बोलावलं, मानसोपचाराच्या डॉक्टरांची वेळ ठरली. त्याला क्षणभरही एकटं सोडायचं नाही, असं प्रत्येक शिफ्टला सांगितलं गेलं.

दोन दिवसांनी तो त्यांच्यावर चिडला. "कैदी केलंय तुम्ही मला."

"केलंय," सिस्टर म्हणाल्या. "चिड. चिडलेला चालतोस तू मला."

औषधं सुरू झाली, बोलणं सुरू झालं. महिन्याने तो घरी गेला, पूर्ण बरा होऊन नव्हे, पण बरा व्हायच्या वाटेवर. नंतर कितीतरी दिवस सिस्टर जेवणाच्या सुट्टीत त्याला फोन करायच्या.

"विचारायची भीती नाही वाटली?" मी एकदा त्यांना म्हटलं.

"वाटते ना. पण विचारल्याने ते मनात येत नाय. असलं तर बाहेर पडतं." मग सलाईनची बाटली पुसत म्हणाल्या, "पेणच्या इस्पितळात होते तेव्हा एक बाई होती. मला तिचं कायतरी खटकलं होतं. म्हटलं, उद्या विचारू."

बाटली घेऊन आठ नंबरच्या खाटेकडे गेल्या.

गेल्या वर्षी सिस्टर निवृत्त झाल्या. मध्यंतरी संतोष तपासणीला आला होता, मुलीला घेऊन. आता कंपनीच्या गेटवर बसतो, डाव्या हाताने लिहायला शिकलाय. सिस्टर आता इथे नसतात हे कळल्यावर तो दारातच थांबला.

"घरी कोण असतं त्यांच्या?" त्याने विचारलं.

सहा वर्षं मी त्यांच्या शेजारी काम केलं होतं. तरी मला ते ठाऊक नव्हतं. त्या रविवारी मी पेणची गाडी धरली.